ग्रंथाचा पत्ता



ग्रंथालयांतील एखादें पुस्तक चोरीस गेलें तर निदान तें गेलें एवढें तरी कळतें. परंतु तेंच पुस्तक आपली जागा सोडून चार फळ्या पलीकडे, भलत्याच पुस्तकांच्या रांगेंत जाऊन बसलें, तर तें असून नसल्यासारखें होतें. दाखल-नोंदवहींत त्याचें नांव असतें, त्याची किंमत चुकती झालेली असते, वार्षिक मोजणींत कदाचित् त्याची गणतीहि होते. फक्त ज्याला तें हवें असतें त्याच्या हातीं तें पडत नाहीं. लाख पुस्तकांच्या संग्रहांत एक पुस्तक केवळ नजरेनें हुडकावयाचें म्हटलें आणि प्रत्येक पाठीवर दोन सेकंद घालविले, तरी पंचावन्न तासांहून अधिक वेळ लागेल. म्हणून पुस्तकें जमविणें हें ग्रंथालयाचें अर्धें काम. त्या प्रत्येकास निश्चित पत्ता देणें आणि तो पत्ता वाचकास सहज सांपडेल अशी व्यवस्था ठेवणें हें उरलेलें अर्धें, आणि माझ्या मतें अधिक कठीण, काम होय. आज या दुसऱ्या अर्ध्याविषयींच बोलावयाचें आहे.

जुन्या काळीं पत्ता म्हणजे शब्दशः जागा असे. सातवें कपाट, तिसरी फळी, बारावें पुस्तक, असा आंकडा पुस्तकाच्या पाठीवर चिकटवावयाचा आणि तोच यादींत लिहावयाचा. खासगी संग्रहांत ही पद्धत पुष्कळ दिवस निर्वेध चाले, कारण तेथें पुस्तकें सावकाश वाढत आणि तीं काढून देणारा कारकून बहुधा जन्मभर तोच असे. परंतु जेथें दरमहा शेंकडों नवीं पुस्तकें येतात, तेथें तिसरी फळी भरली कीं तेरावें पुस्तक कोठें ठेवावें हा प्रश्न उभा राहतो. तें नव्या कपाटांत गेलें तर एका विषयाचीं पुस्तकें दोन ठिकाणीं विभागलीं. आणि सर्वच पुस्तकें सरकवावीं, तर सगळ्या चिठ्ठ्या व सगळी यादी पुन्हा लिहिणें आलें.

या अडचणींतून वाट काढणारा गृहस्थ म्हणजे मेल्व्हिल ड्युई. अमेरिकेंतील ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयांत तो विद्यार्थिदशेंतच साहाय्यक म्हणून काम करी. १८७६ सालीं, वयाच्या २४ व्या वर्षीं, त्यानें आपली दशांश-वर्गीकरणाची योजना छापली. पुस्तिका अवघी ४४ पानांची होती आणि तिच्यावर कर्त्याचें नांवहि नव्हतें. तिच्यांतील मुख्य कल्पना अशी कीं, आंकडा फळीस न देतां विषयास द्यावा. पुस्तकें कितीहि सरकलीं, इमारत बदलली, तरी विषयाचा आंकडा बदलत नाहीं. पुस्तकांचा परस्परांतील क्रम तेवढा कायम राहिला म्हणजे झालें.

सर्व ज्ञानाचे त्यानें दहा भाग कल्पिले. तत्त्वज्ञान १००, धर्म २००, समाजशास्त्रें ३००, भाषा ४००, विज्ञान ५००, उपयोजित शास्त्रें ६००, कला ७००, साहित्य ८००, इतिहास व भूगोल ९००. आणि ज्ञानकोशासारखे जे ग्रंथ कोणत्याच एका भागांत बसत नाहींत, त्यांच्याकरितां आरंभींचीं तीन शून्यें. प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, त्या प्रत्येकाचे आणखी दहा. विज्ञानाच्या ५०० मध्यें प्राणी ५९०, त्यांत कीटक ५९५.७, आणि कीटकांत मधमाशी ५९५.७९९. दशांशचिन्हाचें मर्म येथें आहे. ५९५ आणि ५९६ यांच्यामध्यें पूर्णांक एकहि नाहीं, परंतु अपूर्णांक वाटेल तितके आहेत. म्हणून नव्या विषयास बसावयास जागा देण्याकरितां जुन्यांपैकीं कोणास उठवावें लागत नाहीं.

मधमाशीचें उदाहरण मीं मुद्दाम घेतलें. मधमाश्या पाळणें हा उद्योग आहे, आणि उद्योग म्हणून त्याची जागा ६३८.१ येथें आहे. म्हणजे प्राणी म्हणून मधमाशी एका दालनांत आणि मध देणारी म्हणून दुसऱ्या दालनांत! ड्युईला हें ठाऊक होतें. म्हणून त्यानें आंकड्यांच्या कोष्टकांमागें अकारविल्हे शब्दसूची जोडली. तींत ‘मधमाशी’ हा एक शब्द काढला कीं त्यापुढें दोन्ही पत्ते मिळतात. वर्गीकरणानें ज्यांची ताटातूट केली त्यांस सूचीनें पुन्हा एकत्र आणावयाचें, हा या शास्त्रांतील पहिला धडा होय.

परंतु जगाचे दहा भाग पाडणारा मनुष्य कोठें तरी उभा राहूनच ते पाडीत असतो. ड्युईच्या धर्मविभागांत २२० पासून २८० पर्यंतचे सर्व आंकडे बायबल व ख्रिस्ती धर्म यांजकडे गेले, आणि जगांतील बाकीचे सर्व धर्म २९० या एका खोलींत कोंबले गेले. बौद्ध धर्मास २९४.३, हिंदु धर्मास २९४.५, इस्लामास २९७. साहित्यांतहि तोच प्रकार: अमेरिकन कादंबरी ८१३ या तीन आंकड्यांत आटोपते, मराठी कादंबरीस मात्र ८९१.४६३ असे सहा आंकडे लागतात. पुढील आवृत्त्यांनीं स्थानिक साहित्यास व धर्मास अग्रस्थान देण्याची सवलत ठेवली आहे, हें खरें. तथापि मानापमान बाजूस ठेवला तरी गैरसोय उरतेच. ज्या वाचनालयांत बहुतेक पुस्तकें मराठी साहित्याचीं, तेथें बहुतेक पाठींवर तेच पांच आंकडे येणार आणि वर्गीकरण करून न केल्यासारखें होणार. आपल्याकडील पुष्कळ सार्वजनिक वाचनालयें कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवास अशा वाङ्मयप्रकारांवरच भागवितात. शास्त्रज्ञ त्यांस नाक मुरडतात; मला मात्र ती तडजोड समंजसपणाची वाटते.

आतां वर्गीकरण कितीहि सूक्ष्म केलें तरी एक मर्यादा राहतेच. पुस्तक ही जड वस्तु आहे. ती एका वेळीं एकाच फळीवर राहूं शकते. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत उत्तर हिंदुस्थानांत सांपडले आणि झांशीस वेढा पडला तेव्हां ते त्या शहरांत होते. त्यांनीं लिहून ठेविलेली हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केली. हें पुस्तक कोणत्या विषयाचें? नांवाप्रमाणें प्रवासवर्णन, स्वरूपानें आत्मवृत्त, महत्त्वानें इतिहासाचें साधन. ग्रंथपालानें तें प्रवासाच्या कपाटांत ठेविलें, तर राणी लक्ष्मीबाईंविषयीं वाचूं इच्छिणारी विद्यार्थिनी इतिहासाचीं सारीं कपाटें धुंडाळूनहि रिकाम्या हातांनीं परत जाईल, आणि ज्यानें तें शहर आंतून पाहिलें त्याची साक्ष तिच्या वाट्यास येणार नाहीं.

येथें तालिका उपयोगी पडते. पुस्तक एका ठिकाणीं राहतें, पण त्याची नोंद पाहिजे तितक्या ठिकाणीं करतां येते: एक ‘गोडसे’ या नांवाखालीं, एक ‘माझा प्रवास’ या शीर्षकाखालीं, एक ‘वैद्य’ या संपादकाखालीं, एक ‘अठराशें सत्तावन्न’ या विषयाखालीं, एक ‘झांशी’ खालीं. घर एक, दरवाजे पांच. पूर्वीं या नोंदी बांधीव वहींत असत. परंतु वहींतील दोन ओळींमध्यें तिसरी घुसवितां येत नाहीं, म्हणून सुटीं नोंदपत्रें आलीं. साधारण पांच इंच रुंद व तीन इंच उंच असें जाड कागदाचें पत्र, खालीं मध्यभागीं भोंक, आणि त्यांतून आरपार गेलेली सळई, म्हणजे कोणी पत्र उपटून खिशांत घालूं नये! अशा खणांच्या लाकडी पेट्या आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिल्या असतील. चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालानें १८७६ सालींच, म्हणजे ड्युईच्याच वर्षीं, तालिकेचीं कामें नेमकीं सांगितलीं आहेत. लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकीं एक जरी ठाऊक असेल तरी वाचकास पुस्तक सांपडावें. अमुक लेखकाचें वा अमुक विषयावरचें ग्रंथालयांत काय काय आहे तें दिसावें. आणि अनेकांतून योग्य आवृत्ति निवडण्यास मदत व्हावी.

हें ऐकावयास सोपें वाटतें. ‘लेखकाचें नांव लिहावयाचें, त्यांत काय कठीण?’ असें कोणी म्हणेल. ब्रिटिश म्यूझियमच्या विश्वस्तांसहि प्रथम असेंच वाटत असावें. तेथील छापील पुस्तकांचे व्यवस्थापक अँटोनियो पानित्सी, हे मूळचे इटलीहून देशत्याग करून आलेले गृहस्थ, यांनीं १८४१ सालीं तालिकेकरितां ९१ नियम प्रसिद्ध केले, तेव्हां एवढे नियम कशाला म्हणून बरीच टीका झाली आणि पुढें सरकारी चौकशीसमितीपुढें त्यांना त्यांचें समर्थन करावें लागलें.

आपल्या मराठी नांवांचा विचार करा म्हणजे ९१ नियमहि थोडे वाटतील. राम गणेश गडकऱ्यांनीं नाटकें स्वतःच्या नांवानें लिहिलीं, कविता ‘गोविंदाग्रज’ या नांवानें आणि विनोद ‘बाळकराम’ या नांवानें. जो तालिकाकार नुसतें मुखपृष्ठ पाहून नोंद करील तो एका माणसाचे तीन माणूस करील. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालें तें ‘विभावरी शिरूरकर’ या नांवानें. त्या लेखिकेचें माहेरचें नांव बाळूताई खरे आणि विवाहानंतरचें मालतीबाई बेडेकर. ज्ञानेश्वर आणि ज्ञानदेव एकच, ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘भावार्थदीपिका’ एकच, हें आपण जाणतों; तालिकेस मात्र तें कोणी तरी सांगावें लागतें. शिवाय जुन्या पुष्कळ याद्यांत आगरकर ‘गोपाळ’ म्हणून ग मध्यें सांपडतात, तर नव्या याद्यांत आडनांवावरून आ मध्यें. यावर उपाय एकच: एक नांव प्रमाण ठरवावें आणि बाकीच्या प्रत्येक नांवाखालीं ‘अमुक पाहा’ असें एक पत्र ठेवावें. असें पत्र लिहावयास दोन मिनिटें लागतात, पण कोणतीं नांवें जोडावयाचीं हें कळण्यास वाङ्मयाची माहिती लागते.

आणखी एक घरगुती तंटा आहे तो क्ष आणि ज्ञ यांचा. वर्णमालेंत आपण त्यांस अगदीं शेवटीं बसवितों. वास्तविक तीं जोडाक्षरें, म्हणून कोणी त्यांस क आणि ज यांच्या पोटांत घालतात. संगणकाच्या ठायीं तर क्ष म्हणजे क, हलन्तचिन्ह आणि ष अशीं तीन चिन्हेंच होत. तेव्हां ‘क्षितिज’ या शब्दानें सुरू होणारें शीर्षक यादीच्या शेवटीं पाहावें कीं क मध्यें, हें त्या त्या ग्रंथालयाच्या रिवाजावर अवलंबून असतें. कोणताहि एक रिवाज चालेल. दोन एकत्र चालणार नाहींत.

या शास्त्राचा पायाच ज्यांनीं निराळ्या रीतीनें घातला ते शियाळी रामामृत रंगनाथन् मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ सालच्या जानेवारींत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षीं शिक्षणाकरितां लंडनला गेले. तेथील सेल्फ्रिज नांवाच्या मोठ्या दुकानांत त्यांनीं मेकॅनोचें खेळणें पाहिलें. त्याच पट्ट्या, तींच चाकें, तेच स्क्रू. जोडणी बदलली कीं कधीं एक वस्तु, कधीं दुसरी. ड्युईची योजना म्हणजे तयार विषयांची यादी; यादींत नसलेला विषय आला कीं कोठें तरी पाचर मारावी लागते. रंगनाथन् यांच्या मनांत आलें कीं, विषयांची यादीच करूं नये. विषयाचे सुटे भाग तेवढे द्यावे आणि ते जोडण्याचे नियम सांगावे. १९३३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतींत या जोडणीचा स्क्रू म्हणजे अपूर्णविराम, इंग्रजींतील कोलन, म्हणून तिचें नांव कोलन वर्गीकरण.

उदाहरणार्थ, ‘१९५० च्या दशकांत भारतांत फुप्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनीं केलेल्या उपचारांचें संशोधन’ असा ग्रंथ आला आहे असें समजा. वैद्यकास ‘एल्’ हें अक्षर, फुप्फुसांस ४५, क्षयास ४२१, उपचारास ६, क्ष-किरणांस २५३, भारतास ४४ आणि त्या दशकास ‘एन् ५’. मध्यें ठराविक विरामचिन्हांचे सांधे घातले कीं वर्गांक तयार. हे सर्व भाग अखेर पांच जातींचे असतात असें रंगनाथन् यांनीं पुढें मांडलें: मुख्य वस्तु, तिचें द्रव्य, तिच्यावरील क्रिया, स्थल आणि काल. आपल्याकडील कोणाहि व्याकरणाच्या विद्यार्थ्यास येथें कर्ता, कर्म, क्रिया, अधिकरण यांची आठवण व्हावी. आणि हीच साखळी शेवटच्या कडीपासून उलट वाचीत गेलें कीं विषयसूचींतील शब्द ओळीनें आपोआप हातीं येतात. १९५० सालीं सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीनें साखळीची ही युक्ति जवळजवळ वीस वर्षें वापरली.

इतकें असूनहि कोलन पद्धति फारशी पसरली नाहीं. तिचे वर्गांक लांब होतात, पुस्तकाच्या पाठीवर मावत नाहींत, आणि नवशिक्या शिपायास ते फळीवर क्रमानें लावतां येत नाहींत. १९५८ पासून निघालेल्या भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीनें ड्युईचा व कोलनचा असे दोन्ही आंकडे छापून दोघांचाहि मान राखला.

महाराष्ट्रीयांनीं या क्षेत्रांत काय केलें असें कोणी विचारील. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आपल्या संस्थानांत आणिलें. तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, गांवोगांवचीं वाचनालयें, फिरत्या पेट्या आणि ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग, असा सारा प्रपंच उभा राहिला. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासचा प्रसिद्ध कायदा त्यानंतर तीन वर्षांनीं आला. परंतु या सर्वांपेक्षां मला विशेष आदर वाटतो तो शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’विषयीं. १८०० ते १९३७ या काळांत छापलेल्या मराठी पुस्तकांची ही सूची १९४३ सालीं प्रसिद्ध झाली, आणि १९५० पर्यंतचा दुसरा भाग १९६१ सालीं. दुसऱ्या देशांत जें काम राष्ट्रीय ग्रंथालयें पगारी माणसांकडून करवितात, तें येथें मुख्यतः एका माणसानें केलें. लहान गांवांतील छापखान्यांत निघालेलीं कित्येक पुस्तकें आज डोळ्यांस पडणें दुर्मिळ झालें आहे. तीं कधीं काळीं होतीं, कोणीं लिहिलीं, कोठें छापलीं, हें त्या सूचीवरून कळतें. नोंद असेल तर निदान शोध घेतां येतो. नोंदच नसेल तर काय शोधावयाचें हेंहि ठाऊक नसतें.

हस्तलिखितांविषयीं हें अधिकच खरें आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या संग्रहांतील संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची आर्थर बर्नेल यांनीं १८८० सालीं छापली, तेव्हां त्या राजवाड्यांत काय आहे हें बाहेरच्या विद्वानांस नीट समजलें. पोथ्या तेथेंच होत्या. पत्ता मात्र तेव्हां मिळाला.

आतां नोंदपत्रांच्या पेट्या अडगळींत गेल्या आहेत. अमेरिकेंतील काँग्रेस ग्रंथालयानें १९०१ पासून छापील नोंदपत्रें विकावयास आरंभ केला होता; त्याच ग्रंथालयांत १९६० नंतरच्या दशकांत हेन्रिएट ॲव्हरम या बाईंनीं यंत्रास वाचतां येईल असा नोंदीचा सांचा बसविला, आणि २०१५ सालीं तेथील मोठ्या सहकारी संस्थेनें नोंदपत्रें छापणें कायमचें थांबविलें. पुष्कळांस वाटतें कीं, आतां शब्द टाकला कीं पुस्तक सांपडतें, मग तालिकाकार हवा कशाला? त्यांस एकच उदाहरण देतों. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं तेव्हां शेवटच्या अक्षरावर अनुस्वार होता. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं तो गेला. संगणकाच्या दृष्टीनें टिंबासह एक शब्द आणि टिंबावांचून दुसरा. हे दोन एक आहेत असें कोणी तरी जाणत्यानें त्यास आधीं सांगून ठेविलें नसेल, तर नव्या लेखनांत शोधणाऱ्या वाचकास जुनी आवृत्ति दिसणार नाहीं. आणि ‘आढळलें नाहीं’ हें उत्तर तो ‘अस्तित्वांत नाहीं’ असें समजून घेईल. रोमन लिपींतून नोंद केलेली असली तर घोटाळा आणखी वाढतो, कारण ‘गायकवाड’ हें एक आडनांव तेथें चार-पांच प्रकारांनीं लिहिलेलें आढळतें.

म्हणून वाचनालयांत एखादें पुस्तक ‘नाहीं’ असें उत्तर मिळाल्यास तेवढ्यावर परतूं नये. लेखकाचें टोपणनांव, पुस्तकाचें दुसरें नांव, जुनें लेखन, संपादक आणि विषय, अशा पांच वाटांनीं एकदां विचारून पाहावें. आणि ज्यांच्या घरीं दोन-तीनशें पुस्तकें असतील त्यांनीं ड्युईच्या आंकड्यांच्या भानगडींत पडण्याचें कारण नाहीं. एक वही घालावी. लेखक, पुस्तक, विषय आणि कपाट असे चार रकाने आंखावे. आणि पांचवा रकाना थोडा रुंद ठेवावा, त्यांत पुस्तक कोणीं वाचावयास नेलें त्याचें नांव व तारीख लिहावी. अनुभव असा आहे कीं, सर्वांत आधीं भरतो तो हाच रकाना.